महाराणीच्या गळ्यातला बिल्ला

नोकरीत माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणा पाजळला, तरी वाचणाऱ्याला माझी खरी किंमत ठाऊक असेल. मी एका पत्राची एकच बाजू वाचली. कागद उलटला नाही. बस्स, एवढंच. पण त्या न उलटलेल्या कागदापायी एका भल्या माणसाचं काम सुटलं, चहावाल्यानं त्याचा ग्लास वेगळा काढला आणि त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आलं.

साठीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमचे हे विमा कंपनीत. त्यांची बदली जयपूरला झाली आणि मी सांगलीहून फिजिक्सची पदवी, पितळी डबे आणि दोन वर्षांचा मुलगा असं सगळं घेऊन इकडे आले. तिलक नगरात दोन खोल्या मिळाल्या. शेजारणीला माझा मुलगा सांभाळायची हौस होती आणि मला घरात बसायची नव्हती. म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात मी चिकटले. पदाचं नाव भारदस्त होतं. काम मात्र फिल्मांवर नंबर घालायचं.

एक दिवस खात्याच्या मुख्य डॉक्टरांनी मला बोलावलं. त्यांना सगळे बडे साहब म्हणत. त्या काळी एक्स-रेच्या हलत्या सावल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर बघत, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून डॉक्टर आधी वीस मिनिटं लाल काचांचा चष्मा लावून बसत. बडे साहब बसत नसत. तो चष्मा लावून ते भर दुपारी सगळ्या वॉर्डांतून फिरत, आणि नव्या पेशंटला वाटे, डॉक्टरांचेच डोळे आलेत. त्या लाल काचांतून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "मुंबईत किरणांपासून बचावाचा कोर्स आहे. तीन हफ्ते का. मला फुरसत नाही. आप चली जाइए."

मी गेले. आणि परत आले ती अशा थाटात, की जणू अणू मीच फोडला आणि तुकडे पदरात बांधून आणले. अंबाड्यात पेन्सिल खोचायला लागले. "मुंबईत असं करत नाहीत" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणायची ते आमच्या ह्यांना विचारायला हवं होतं. त्यांनी तर घरी भाजीत मीठ कमी पडलं की "मुंबईत असं करत नाहीत" म्हणायला सुरुवात केली होती.

किरणांपासून वाचायचे उपाय तीनच. लांब राहा, काम लवकर उरका, आडोसा घ्या. मी पेंटरला बोलावून भिंतीवर हातभर लाल अक्षरांत लिहून घेतलं: दूर रहो, जल्दी करो, ओट में रहो. हे खात्यातल्या माणसांसाठी होतं. वाचलं मात्र पेशंटांनी. दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा मशीनसमोर यायलाच तयार होईनात. खांबामागे उभे राहून म्हणाले, "इठै सूं ही खींच ले बाई, लिख राख्यो है." म्हणजे इथूनच काढ, तसं लिहिलंयच ना! शेवटी पेंटरला परत बोलावून खाली 'केवल कर्मचारियों के लिए' असं वाढवावं लागलं.

आता बिल्ल्याची गोष्ट. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. एक्स-रे दिसत नाहीत, टोचत नाहीत, वास येत नाही. मग आपल्या अंगाला किती लागले हे कळायचं कसं? त्यासाठी काड्यापेटीएवढी एक चौकट छातीवर लावायची. तिच्यात काळ्या कागदात गुंडाळलेला फिल्मचा एक तुकडा. वर वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या. किरणं लागतील तशी आतली फिल्म काळी होत जाते. महिना झाला की फिल्म पोस्टानं मुंबईला पाठवायची, नवी घालायची. तिथली माणसं काळेपणा मोजतात आणि कळवतात, अमक्याला एवढे किरण लागले. झालं. बिल्ला म्हणजे नुसता साक्षीदार. तो काही अडवत नाही. पावसात उभं राहून किती भिजलो हे सांगणारा, छत्री नव्हे.

हे इतकं स्वच्छ मला आज सांगता येतं. तेव्हाही येत होतं. पण झालं काय, की बिल्ले आले आणि कुणी लावेना. एका डॉक्टरांनी तो पुस्तकात खूण म्हणून घातला. सिस्टरनं पर्समध्ये टाकला. बडे साहब रोज म्हणत, "दुसऱ्या कोटाला आहे," आणि त्यांना दुसरा कोटच नव्हता. मी समजावून सांगितलं, मग ओरडले, मग रुसलेसुद्धा. शेवटी सगळ्यांना ओळीत उभं करून एका वाक्यात विषय संपवला. "ये बिल्ला आपकी रक्षा करेगा. जो इसे पहनेगा, किरणें उसका कुछ नहीं बिगाड़ेंगी."

खोटं होतं. धडधडीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सगळ्यांच्या छातीवर बिल्ले! सफाईवालीनं तिच्या नवऱ्यासाठी एक मागितला. तो ट्रक चालवायचा. फाटकावरच्या चौकीदारानं विचारलं, कुत्र्याच्या चावण्यावर हा चालेल का. मी मनात म्हटलं, काम झालं ना, मग कसं का होईना. रोज सकाळी आठला मी शाळेत नखं तपासतात तशी छात्या तपासत फिरायची आणि वहीत खुणा करायची. काय तो रुबाब.

खात्यात खरं राज्य होतं दोघांचं. एक रामनिवासजी आणि दुसरी महाराणी.

रामनिवासजी मशीनवरचे मदतनीस. पंचेचाळिशीचे, बुटके, डोक्याला कायम फिकट गुलाबी साफा. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. महाराणी म्हणजे आमचं एक्स-रेचं मशीन. लढाईच्या आधीचं, विलायती, आणि लहरी. सकाळी तापल्याशिवाय चालायचं नाही, उन्हाळ्यात रुसायचं, व्होल्टेज पडलं की घुमायला लागायचं. नाव रामनिवासजींनीच ठेवलेलं. ते तिच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत आणि ती चालायची. मी पदवीधर बाई तीच बटणं त्याच क्रमानं दाबायची, तर ठिणगी उडायची.

पेशंटांना समजवायचं कामही रामनिवासजींचंच. एकदा खेड्यातले एक ठाकूरसाहेब छातीचा फोटो काढायला आले. साफा उतरवायला साफ नकार. "फोटो में साफा नहीं होगा तो घर में टाँगूँगा क्या?" मी तासभर समजावलं. रामनिवासजी आले, म्हणाले, "हुकम, ये फोटो भीतर की है. भीतर कौन साफा पहनता है?" ठाकूरसाहेबांनी साफा काढून माझ्या हातात दिला. माझ्या! जशी काही मी खुंटीच होते.

तर, पहिल्या महिन्याचे बिल्ले मुंबईला गेले आणि काही आठवड्यांनी पत्र आलं. सगळ्यांचे आकडे ठीक. फक्त चार नंबर: मर्यादेच्या कितीतरी पट. या व्यक्तीस किरणांच्या कामापासून दूर ठेवावे, रक्त तपासावे. चार नंबर म्हणजे रामनिवासजी.

मी घाबरले. आणि खरं सांगायचं तर थोडी सुखावलेही. अखेर मला कुणीतरी वाचवायला मिळालं होतं! बडे साहब गावाला गेले होते. त्यांची वाट बघायलाही मी थांबले नाही. तासाभरात रामनिवासजींना मशीनवरून काढून जुन्या फिल्मांच्या कोठारात पाठवलं. त्यांचा बिल्ला काढून घेतला, हातात झाडू दिला.

त्यांनी फक्त विचारलं, "बहनजी, बिल्ला कितना काला हुआ?"

"पूरा. एकदम काला."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "चलो. अच्छा हुआ."

मला वाटलं, धक्क्यानं माणूस भ्रमिष्ट झाला.

रक्ताचा रिपोर्ट आला, काही दोष नाही. पण तो कोण वाचतो? हॉस्पिटलभर झालं होतं, की रामनिवासच्या अंगात किरणं भरलीत. चहावाल्यानं त्यांच्या ग्लासाला लाल दोरा बांधून तो बाजूला ठेवला. सफाईवाली कोठाराच्या दारातूनच पळायची. आणि जिनं "दूर रहो" असं हातभर अक्षरांत लिहून घेतलं होतं, ती मी आता कुणाला काय सांगणार?

मग एक दिवस रामनिवासजी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. साफा हातात. तोवर मी त्यांना बोडकं कधी पाहिलं नव्हतं. थोरल्या मुलीचं, शांतीचं लग्न जयपूरजवळच्या खातीपुऱ्यात ठरलं होतं. मुलाचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. त्यांनी निरोप पाठवला होता, की ज्याच्या अंगात किरणं त्याची बेटी आम्हाला नको, पुढं नातवंडं कशी निघतील कोण जाणे.

"मेरी तो कोई बात नहीं बहनजी, मैं झाड़ू भी लगा लूँगा," ते म्हणाले. "पर शांति ने क्या किया?"

त्या रविवारी गच्चीवर बसून मी हिशेब मांडला. एवढे किरण लागायला या माणसाला महिनाभर, जेवायलाही न जाता, मशीनला मिठी मारून उभं राहावं लागलं असतं. आमचे हे धुतलेले गहू वाळत घालत होते. (हो, हेच घालत. मी नोकरी करायची.) म्हणाले, "अगं, मग हिशेब तरी चुकला असेल, नाहीतर माणूस." मी म्हटलं, हिशेब माझा आहे. तो चुकत नसतो.

इकडे महाराणीनं संप पुकारला. फिल्मा फिकट निघायला लागल्या, मग निघेनाशाच झाल्या. बडे साहब परतले, लाल चष्म्यासकट माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आदमी को तो आपने बचा लिया. अब मशीन को कौन बचाएगा?"

तेवढ्यात दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा व्हायची, आणि ती रामनिवासजींशिवाय दुसऱ्या कुणी केली तर महाराणी कायमची बसेल याविषयी खात्यात डॉक्टरांपासून सफाईवालीपर्यंत एकमत होतं. मीही नाही म्हटलं नाही. मशीन बंद होतं, मुंबईच्या नियमात बसत होतं.

रामनिवासजी स्टुलावर चढले. महाराणीला कुंकू लावलं, हार घातला, मानेला लाल-पिवळी मौली, म्हणजे पूजेचा दोरा, बांधली. मग खाली उतरले, माझ्यासमोर आले आणि सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, "बहनजी, आज के दिन मेरा बिल्ला दे दीजिए. इसका गला सूना लग रहा है."

"किसका गला?"

"महारानी का. और किसका?"

मी विचारलं, "आणि तुमच्या छातीवर? मी रोज बघत होते ना!"

"आप आठ बजे देखती थीं. आठ बजे छाती पर. आप गईं, तो इसके गले में. शाम को वापस छाती पर." मग माझा चेहरा बघून ते जरा घाबरले. "आप ही ने तो कहा था, रक्षा करेगा. मैंने सोचा, मैं तो एक आदमी हूँ. ये बंद हो गई तो इतने मरीज़ कहाँ जाएँगे? देखो ना, सारी बला बिल्ले ने अपने ऊपर ले ली. पूरा काला पड़ गया. इसीलिए तो महीना भर अच्छी चली."

म्हणून ते हात जोडून "अच्छा हुआ" म्हणाले होते. भ्रमिष्ट झालेली मीच होते.

मी टेबलाशी धावले, फाइलीतून मुंबईचं पत्र काढलं. का कोण जाणे, उलटलं. मागे दोन ओळी टाइप केलेल्या. इतक्या वर्षांनी शब्द तेच असतील असं नाही, पण मतलब असा होता: चार नंबरच्या फिल्मवर धातूच्या पट्ट्यांच्या सावल्या फार रेखीव उमटल्या आहेत. माणूस हालचाल करतो, त्याच्या बिल्ल्यावर सावल्या पुसट येतात. हा बिल्ला कुणी अंगावर घातला नसून एका जागी टांगलेला असावा. तरी खात्री करूनच पुढील कारवाई करावी.

मी मान वर केली तर दारात रामनिवासजी. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागदाच्या दोन्ही बाजूंना शाई आहे एवढं दिसत होतं.

"पीछे भी लिखा था?"

"हो," मी म्हटलं. मराठीतच. हिंदी सुचलंच नाही.

ते स्टुलावर चढले, महाराणीच्या मानेवर हात ठेवला, पुटपुटले. ती घुमली आणि चालू झाली. फार अपमान वाटला मला.

बडे साहब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. पण हसून झाल्यावर त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला. मशीनच्या मानेला किरणं लागलीच कशी? ती तोंडातून खाली निघायला हवीत, मानेतून नव्हे. तपासलं, तर वायर आत शिरते तिथलं शिशाचं अस्तर फाटलं होतं. मानेपाशी गळती होती आणि तिथेच हात ठेवून माणसं उभी राहत होती. नवं शिसं लावून घेतलं. रामनिवासजी कामावर परतले. या वेळी मी त्यांना बिल्ला काय असतो ते खरंखरं सांगितलं, पावसाचं आणि छत्रीचं उदाहरण देऊन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "फिर भी, छेद तो इसी ने पकड़वाया ना? रक्षा तो की." यावर मुंबईच्या कोर्सात काही शिकवलं नव्हतं.

पण खातीपुरा राहिला होता. मी बडे साहेबांकडून गाडी आणि गायगर काउंटर मागून घेतला. कॅन्सरच्या उपचारासाठी हॉस्पिटलात रेडियमच्या सुया होत्या, त्यांच्यावर नजर ठेवायला ते यंत्र मिळालेलं. किरणं असली की कट् कट् करतं. थोडी किरणं माती-दगडात, हवेत असतातच, म्हणून ते कुठेही अधूनमधून कट् म्हणायचंच.

गार्डसाहेबांच्या बैठकीत मला मानानं खाटेवर बसवलं. रामनिवासजी दाराशीच उभे. गार्डसाहेब उंच, मिशा पिळलेल्या, नातवंडांच्या काळजीनं गंभीर झालेले. दाराआड घूंघटातल्या बायका. मी सांगितलं, दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसेच मशीन बंद झालं की एक्स-रे संपले, ते अंगात साठत नाहीत. गार्डसाहेब म्हणाले, "कहने को तो आप कह रही हैं बहनजी. दिखता कहाँ है?"

"दाखवते."

यंत्र रामनिवासजींच्या पोटाशी नेलं. कट्... कट्. छातीशी, डोक्याशी. तेच. नवरा मुलगा लाजत पुढे आला, त्याच्याशीही तेच. "बघा. दोघं सारखेच." मग म्हटलं, तुम्हीही बघा. आणि यंत्र गार्डसाहेबांपुढे धरलं.

भाडभुंज्याच्या कढईत फुटाणे उडावेत तसं ते कडकडायला लागलं.

गार्डसाहेबांचा एक मेहुणा उठून खाटेमागे गेला. गार्डसाहेबांचा चेहरा पांढरा. मी यंत्र हळूहळू फिरवलं तेव्हा लक्षात आलं. मनगटावरचं घड्याळ! अंधारात चमकणारे आकडे असलेलं. त्या काळी त्या आकड्यांना रेडियमचा रंग असे, आणि रेल्वेच्या माणसाला तसलं घड्याळ म्हणजे शान.

"कब से पहनते हैं?"

"बीस बरस," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मुलं किती?"

"पाँच."

"धडधाकट?"

"सब."

"मग बीस बरस हे मनगटावर मिरवून तुमचं घर भरलं, आणि ज्याच्या अंगात काहीच नाही त्याची बेटी नको?"

गार्डसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, रामनिवासजींकडे पाहिलं, मिशीवर हात फिरवला. "तो समझो बात बराबर हुई."

दाराआडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बराबर कोनी हुई! ज़्यादा तो थारी निकळी!"

बरोबर कसली, जास्त तर तुमचीच निघाली! बायका हसल्या, मग मेहुणा, मग गार्डसाहेबही. रामनिवासजींना आत बोलावून खाटेवर, माझ्या शेजारी बसवलं. चहा आला. सगळ्यांचे ग्लास एकाच ताटात होते. मी मोजून पाहिलं, वेगळा एकही नव्हता. गार्डसाहेबांनी मात्र घड्याळ काढून फडक्यात गुंडाळून मला दिलं, "आप ही रख लो" म्हणत. मी परत केलं, भिंतीला टांगा म्हणून सांगितलं. नंतर कळलं, त्यांनी ते मेहुण्याला दिलं.

देवउठनी ग्यारशीनंतर, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर, शांतीचं लग्न झालं. आम्ही दोघं मुलाला घेऊन गेलो. पाठवणी झाली, मांडव रिकामा व्हायला लागला. रामनिवासजी माझ्यासाठी बुंदीच्या लाडवांची पुडी घेऊन आले, डोळे अजून ओलेच. इतके दिवस राहून गेलेलं मी शेवटी बोलून टाकलं. म्हटलं, रामनिवासजी, माफ करा, माझ्यामुळे तुम्हाला फार सोसावं लागलं. घाईत वाचण्यात चूक झाली.

त्यांनी पुडी माझ्या हातात ठेवली, साफा सारखा केला आणि अगदी मायेनं म्हणाले, "बहनजी, हम तो अनपढ़ ठहरे, पढ़ने में गलती हमसे हो ही नहीं सकती. आप पढ़ी-लिखी हो, आप काग़ज़ पलटकर देखा करो."